धड बंद नाही, धड चालू नाही

लोणावळ्यावरून 6,500 फुटांवर जाणाऱ्या सेस्ना 172 विमानाचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं, तर पायलटच्या हातात साधारण 6 मिनिटं असतात. विमानाची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि लोणावळा स्वतःच सुमारे 2,000 फुटांवर वसलेलं आहे. म्हणजे पायाखाली उरले 4,500 फूट. चार आसनांचं हे विमान इंजिनाच्या मदतीशिवाय एक फूट खाली येताना सुमारे 9 फूट पुढे सरकतं. वारा नसेल तर 12 किलोमीटर. त्यातले शेवटचे हजार फूट वळून नीट उतरायला राखून ठेवले, तर जागा शोधायला उरतात साडेनऊ किलोमीटर.

या साडेनऊ किलोमीटरांत काय येतं? खंडाळा, कुसगाव, वळवणचं धरण, मळवली, कार्ले. पुण्याचा लोहगाव विमानतळ सरळ रेषेतही 55 किलोमीटरहून लांब. जुहू 70 च्या आसपास. नवी मुंबईचा नवा विमानतळ त्यातल्या त्यात जवळचा, तोही 40 च्या पुढे. आंबी व्हॅलीला खासगी धावपट्टी आहे, पण लोणावळ्याच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पलीकडे. थोडक्यात, या ठिकाणी इंजिन थांबलं तर विमानतळ हा शब्द डोक्यातून काढून टाकायचा आणि खाली शेत शोधायचं.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. उतारावर पेडल मारणं थांबवलं तरी सायकल चालतच राहते. विमानाच्या बाबतीत तो उतार म्हणजे त्याची उंची. पंख इंजिनाच्या जोरावर नव्हे, तर समोरून येणाऱ्या हवेच्या वेगावर विमान तोलून धरतात. नाक थोडं खाली ठेवून तो वेग टिकवला, 172 मध्ये साधारण 65 ते 68 नॉट, तर विमान शहाण्यासारखं तरंगत खाली येतं. माणसं दगावतात ती बहुधा इंजिन थांबल्यामुळे नाही, तर थांबल्यानंतर जे केलं किंवा करायचं टाळलं त्यामुळे. आणि सर्वांत जास्त घात करतं ते पूर्ण थांबलेलं इंजिन नव्हेच. तो मान अर्धवट चालणाऱ्या इंजिनाचा आहे.

एक स्पार्क प्लग आणि येरवड्याचं मैदान

आपल्याकडच्या खासगी उड्डाणाचा इतिहासच एका बिघडलेल्या इंजिनापाशी घुटमळतो. 1930 साली इंग्लंड-भारत अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांचं 500 पौंडांचं बक्षीस होतं. जे. आर. डी. टाटा इकडून निघाले. तिकडून निघाला सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर. दोघांची गाठ पडली इजिप्तमधल्या अबुकीरला. स्पार्क प्लगवाचून अ‍ॅस्पीचं विमान अडून पडलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. बक्षीस अ‍ॅस्पीनं पटकावलं आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. हा किस्सा दिलदारपणासाठी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यातली दुसरी गोष्ट वैमानिकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: अ‍ॅस्पी जमिनीवर होता. इंजिन धड चालत नाही म्हटल्यावर, शर्यत चालू असताना, तो थांबला होता.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमानं होती पुस मॉथ: एक इंजिन, रेडिओ नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांचा सगळा बाडबिस्तरा, विमानं आणि मेकॅनिक पुण्याला येत आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून टपाल उडे. ऐन पावसाळ्यात, सह्याद्रीच्या माथ्याशी, एका इंजिनाच्या आणि नजरेच्या भरवशावर चालणारी ही सेवा वक्तशीरपणाबद्दल सरकारी अहवालात वाखाणली गेली. जेआरडी पुढे आयुष्यभर जमिनीवरच्या तयारीबद्दल काटेकोर राहिले, याचं मूळ त्या दिवसांत असावं.

इंजिनाची दुखणी

छोट्या विमानाचं पिस्टन इंजिन रचनेनं साधं असतं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यांना वीज पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. विमानाची बॅटरी मेली तरी मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरत राहून ठिणगी देतात. एक मॅग्नेटो गेला तरी दुसरा घरी पोचवतो. मग असं इंजिन थांबतं कशानं? पहिलं उत्तर ऐकून हसू येईल: पेट्रोल संपतं. किंवा एका टाकीतलं संपतं, दुसरी भरलेली असते आणि टाकी बदलायचा खटका फिरवायचं राहून जातं.

दुसरं कारण पाणी. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली की तिच्या आतल्या बाजूनं दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि इंजिनाकडे जाणारी वाटही तळातूनच असते. म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरून पाहतात. या विमानांचं इंधन, अ‍ॅव्हगॅस 100 एलएल, निळसर रंगाचं असतं. तळाशी रंगहीन थेंब दिसला तर ते पाणी. आख्खी नळी रंगहीन दिसली तर आणखी वाईट: सगळं पाणीच आलं असेल किंवा भलतंच इंधन भरलं गेलं असेल. हे अ‍ॅव्हगॅस आपण पूर्वी आयात करत होतो. 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवू लागली.

तिसरं कारण खास मावळच्या हवेचं. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि दोन्हींमुळे आतलं तापमान 20 अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर 22 अंश तापमान आणि हवा ओलीचिंब, म्हणजे जुलैमधला लोणावळ्याचा कुठलाही दिवस. या हवेत कार्बुरेटरच्या आत बर्फ धरतो. बाहेर कुठे बर्फाचा मागमूस नसतो, म्हणून नवख्याला शंकाही येत नाही. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात, मग ते खडखडू लागतं. उपाय आहे: कार्ब हीट नावाचा दांडा ओढला की एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो. पण वितळलेलं पाणी इंजिनातूनच जातं, त्यामुळे दांडा ओढल्यावर इंजिन आधी जास्तच बिघडल्यासारखं वाटतं. घाबरलेला पायलट तो परत ढकलून देतो आणि उपाय अर्ध्यावर मरतो. नव्या 172 मध्ये कार्बुरेटर नाही, इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं. पण आपल्या फ्लाइंग क्लबांत पिढ्या घडवणारी सेस्ना 152 कार्बुरेटरचीच.

अर्ध्या ताकदीचा मोह

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 2000 ते 2010 या काळातल्या, एका इंजिनाच्या विमानांच्या टेकऑफनंतरच्या घटना तपासल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या 75 घटना होत्या. त्यांत एकही प्राणघातक नव्हती. ताकद अर्धवट गेल्याच्या 242 होत्या आणि त्यांतल्या 9 प्राणघातक ठरल्या. सगळं इंजिन गेलं ते वाचले, थोडं उरलं त्यांतले काही गेले.

हे उलटं का? इंजिन पूर्ण थांबलं की निर्णय झालेला असतो. समोर जे मैदान असेल तिथे उतरायचं, वाद संपला. अर्धवट चालणारं इंजिन मात्र आशा दाखवतं. जाईल अजून थोडं, पोचू धावपट्टीपर्यंत, विमान वाचेल, चौकशी टळेल. या आशेवर पायलट चांगली शेतं मागे टाकत जातो, उंची गमावत जातो, आणि विमान खाली जातंय म्हणून नकळत नाक वर ओढत राहतो. नाक वर गेलं की वेग कमी होतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांवरची हवा सुटते. यालाच स्टॉल म्हणतात. वळणात हा धोका जास्त: 45 अंश कलून वळताना ही मर्यादा सुमारे 20 टक्क्यांनी वर सरकते. टेकऑफनंतर इंजिन गेलं आणि पायलटनं धावपट्टीकडे परत वळायचा प्रयत्न केला, की बहुतेक वेळा हेच घडतं. चारशे-पाचशे फुटांवर स्टॉल झालेल्या विमानाला सावरायला खाली जागाच नसते. म्हणून प्रत्येक फ्लाइंग स्कूल पहिल्या आठवड्यापासून बजावतं: कमी उंचीवर इंजिन गेलं तर समोरच उतरा, मागे वळू नका.

बोरघाटात हा मोह भूगोलामुळे वाढतो. मुंबईहून पुण्याला येणारं विमान घाट चढून लोणावळ्यावर आलं आणि तिथे इंजिन अडखळायला लागलं, तर पायलटला वाटतं, अवघड भाग संपला, पुढे सपाटीच आहे. दिसतंही तसंच. प्रत्यक्षात त्याच्या उजव्या हाताला 3,400 फुटांचा लोहगड आणि त्याहून उंच विसापूर आहे. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर या गडांच्या पूर्वेला हवा खाली कोसळत असते. निरोगी इंजिनाला ती जाणवतही नाही. निम्म्या ताकदीच्या इंजिनाला ती खाली दाबते.

वाऱ्याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. पश्चिमेकडून 20 नॉटचा वारा असेल तर बंद इंजिनाचं आपलं विमान पूर्वेकडे 12 ऐवजी 16 किलोमीटर जातं, म्हणजे कामशेतपर्यंत. पश्चिमेकडे त्याच उंचीत जेमतेम साडेआठ. पण पश्चिमेला आणखी एक गोष्ट पायलटच्या बाजूनं आहे: खंडाळ्याच्या कड्यापाशी जमीनच एकदम खाली जाते. खोपोली लोणावळ्यापेक्षा सुमारे 1,800 फूट खाली. एवढी उंची घाट फुकटात देतो. मात्र उतरायचं तिथे जंगल, कारखाने आणि विजेच्या तारा. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 चं. तेव्हापासून हा घाट विजेच्या वाहिन्यांचाही रस्ता झालेला आहे.

खाचरं, बांध आणि तारा

मग मावळात उतरायचं कुठे? वरून पाहिलं तर हिरवीगार सपाटी दिसते. खाली ती भाताची खाचरं असतात: लहान, पायऱ्यापायऱ्यांची, प्रत्येकाला बांध. विमानाला थांबायला दोन-तीनशे मीटर लागतात आणि खाचर त्याच्या निम्मंही लांब नसतं. पावसाळ्यात चिखलात पुढचं चाक रुतलं की विमान उलटतं. दिवाळीनंतर इंद्रायणी तांदूळ घरात आला की तीच खाचरं टणक होतात, पण बांध राहतातच. म्हणून बांधांना आडवं नव्हे, लांबीच्या अंगानं उतरायचं. चढ असेल तर वारा पाठीशी घेऊनही चढाकडे तोंड करून उतरलेलं बरं. गवताळ माळ मिळाला तर उत्तम, मात्र त्यात दगड असतात.

एक्स्प्रेस वे वरून धावपट्टीसारखा दिसतो. जवळ आल्यावर दिसतात दिशादर्शक कमानी, दुभाजक, दिव्यांचे खांब आणि ताशी शंभरनं धावणाऱ्या गाड्या. पवना आणि वळवण धरणांचं पाणी मोहक वाटतं, पण चाकं खाली लटकलेलं विमान पाण्यावर टेकताच नाकावर उलटण्याची शक्यता मोठी. पाण्यातच जायचं असेल तर काठाजवळ, दारं आधीच उघडून. ऑगस्ट 2014 मध्ये जुहूहून आंबी व्हॅलीकडे उभयचर विमानाची सेवा सुरू करण्याचा प्रयत्न झाला होता. तशा विमानाला ही धरणं आधाराची ठरतात, साध्या सेस्नाला नाही. एप्रिल-मेमध्ये पवनेचं पाणी ओसरलं की काठाचं उघडं रान बऱ्यापैकी मोठं असतं. फक्त शनिवार-रविवारी त्याच काठावर तंबू लागलेले असतात.

या जमिनीची सर्वांत चांगली ओळख कामशेतच्या पॅराग्लायडिंगवाल्यांना आहे. ऑक्टोबर ते मे ही मंडळी रोज इंजिनाविना या शेतांत उतरतात. त्यांचा पहिला धडा असा: तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चाला. दुसरा धडा वाऱ्याचा: धूर, झाडं, तळ्यावरच्या लाटा बघून दिशा ओळखा आणि वाऱ्याच्या तोंडावर उतरा. छोट्या विमानाला हाच नियम दुपटीनं लागू. 50 नॉटनं टेकणाऱ्या विमानासमोर 15 नॉटचा वारा असेल तर जमिनीशी त्याचा वेग 35 उरतो आणि आदळण्याचा जोर निम्म्यावर येतो. माणूस वाचण्या-न वाचण्यातला फरक बहुतेकदा एवढाच असतो.

इंजिन नसलेली शाळा

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या लांब तारेनं ग्लायडर वर खेचतात. तार मधेच तुटली तर काय करायचं, याचा सराव शिकणाऱ्याला एकट्यानं उडू देण्याआधी करून घेतात. नाक खाली, वेग पकडा, मग ठरवा. क्रम बदलायचा नाही. इंजिन बंद पडलेल्या विमानात नेमकं हेच करायचं असतं. शिकाऊ ग्लायडरदेखील सेस्नाच्या तिप्पट अंतर तरंगतं, हा भाग निराळा.

इंजिनाविना उडण्याच्या या शिक्षणाचं मोल जगानं दोनदा पाहिलं. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये किलोग्रॅमऐवजी पौंडांच्या हिशेबानं इंधन भरलं गेलं आणि 41,000 फुटांवर ते संपलं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौशी ग्लायडर पायलट होते. त्यांनी ते अवजड विमान गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. 15 जानेवारी 2009 ला पक्ष्यांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस चेस्ली सुलेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलं; 155 जण वाचले. तेही तरुणपणी ग्लायडर शिकलेले. मुंबईच्या आरोही पंडितनं मे 2019 मध्ये एकटीनं अटलांटिक ओलांडला तो सायनस जातीच्या छोट्या विमानातून. त्याची रचनाच मोटर असलेल्या ग्लायडरची आहे.

आधी पोचतो तो गाववाला

25 जुलै 2022 च्या सकाळी बारामतीहून निघालेलं सेस्ना 152 जातीचं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ पायलट होती. विमानाची मोडतोड झाली, ती वाचली आणि मदतीला आधी धावले ते गावकरी. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. दोन्ही वेळा माणसं वाचली आणि डीजीसीएनं त्या प्रशिक्षण संस्थेची परवानगी तात्पुरती रोखली. बारामती-इंदापूरचा मोकळा माळ आणि मावळचे डोंगर यांत फरक आहे. इकडे पुण्याच्या पश्चिमेला 2024 मध्ये ऑगस्टात पौडजवळ आणि ऑक्टोबरात बावधनला हेलिकॉप्टर पडली. दोन्ही वेळा हवा खराब होती. बावधनला तिघे गेले, पौडला चौघेही वाचले.

मावळात असं काही झालं तर पुण्याहून मदत यायला वेळ लागेल. आधी पोचेल शेतकरी आणि त्याच्यामागे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी, कडेकपारींतून माणसं काढण्यात मुरलेली मंडळी. म्हणून काही गोष्टी गावांनाच ठाऊक हव्यात. 112 ला फोन करा. विडी-काडी पेटवू नका, पंखांत अत्यंत ज्वालाग्राही पेट्रोल असतं. इंजिन बंद दिसलं तरी पंख्याच्या पात्याला हात लावू नका. मॅग्नेटो चालू राहिलेला असेल तर ते फिरू शकतं. काही हलक्या विमानांत रॉकेटनं सुटणारी पॅराशूट असते, तिची लाल मूठ ओढू नका. आग किंवा धूर नसेल तर जखमीला ओढून काढण्याची घाई नको, त्याच्या मानेला आधार द्या. आणि माणसं बाहेर आली की अवशेष जागचे हलवू नका. तपास यंत्रणेला त्यातूनच कारण सापडतं आणि त्यातून पुढचं विमान वाचतं.

बाकीचं काम पायलटचं, आणि ते जमिनीवरच उरकायचं. नळीत पेट्रोल बघायचं. टाक्यांचा हिशेब कागदावर करायचा. नकाशावर मळवलीपासून वडगावपर्यंत उतरण्याजोग्या जागा आधी खुणावून ठेवायच्या, आणि हे दरवर्षी नव्यानं. कारण काल जिथे माळ होता तिथे आज फार्महाउसचं कुंपण आणि सिमेंटचे खांब असतात. इंजिन गेल्यावर आकाशात करायचं थोडंच उरतं: वेग धरा, जागा निवडा, मग टाकी, मिक्स्चर, कार्ब हीट, मॅग्नेटो तपासा, 121.5 या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर तीनदा मेडे म्हणा, ट्रान्सपॉन्डरवर 7700 हा संकटाचा कोड टाका, टेकण्याआधी इंधन आणि वीज बंद करा.

पण सर्वांत महत्त्वाचा निर्णय अर्धवट इंजिनासाठी, आणि तो उड्डाणाआधी घ्यायचा. अमुक उंचीखाली आलो आणि इंजिन सुधारलं नाही, तर पुण्याचा नाद सोडायचा आणि दिसेल त्या बऱ्या शेतात, इंजिन अजून थोडं चालत असतानाच, स्वतः उतरायचं. तो आकडा घरी लिहून न्यायचा. धडपडणाऱ्या इंजिनाच्या आवाजात बसून तो ठरवायला गेलं, की प्रत्येक वेळी आणखी शंभर फूट सूट द्यावीशी वाटते.